लिनक्सची स्थापना अयशस्वी झाल्यास : दोष शोधण्याचा क्रम

विंडोज १० या कार्यप्रणालीला निर्मात्या कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था असल्याखेरीज अधिकृतपणे बसविता येत नाही. परिणामी, यंत्र म्हणून धडधाकट असलेले अनेक घरगुती संगणक जुने ठरले आहेत. असा संगणक पुन्हा कामास लावण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स होय. हेलसिंकी विद्यापीठाचे त्या वेळचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा प्रसिद्ध केला. उबंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही तिची रूपे विनामूल्य मिळतात. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे रूप सिद्ध केले आहे.

तथापि, पहिल्याच प्रयत्नात स्थापना पूर्ण होईल असे नाही. कधी पडदा काळाच राहतो, कधी काम अर्ध्यावर थांबते. अशा वेळी गोंधळून तीच क्रिया पुनःपुन्हा केली जाते आणि खरा धोका येथेच असतो. घाईत ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायाला होकार दिला गेला, तर कुटुंबाची छायाचित्रे, मुलांची टिपणे, शेतीचे हिशेब यांची एकुलती एक प्रत नाहीशी होऊ शकते.

माहितीची नक्कल आधी

म्हणून दोष शोधण्यापूर्वी सर्व महत्त्वाची माहिती वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. नक्कल झाली असे गृहीत न धरता तीतील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. संगणकाच्या मूळ मांडणीत बदल केल्यावर ती मागितली जाण्याचा संभव असतो.

यानंतर एकच प्रश्न विचारावा : काम नेमके कोठे अडले? त्याच्या उत्तरावरून दोषाचे तीन वर्ग पडतात.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नाही

उतरवून घेतलेली फाइल अपुरी किंवा सदोष असणे, हे याचे एक नेहमीचे कारण आहे. वितरकाने फाइलीसोबत ६४ चिन्हांची ‘शा-२५६’ ही पडताळणी-खूण दिलेली असते. आपल्या फाइलीची खूण काढून ती तिच्याशी ताडून पाहावी. एका चिन्हाचाही फरक आढळल्यास फाइल पुन्हा उतरवावी. दुसरे कारण म्हणजे ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती ‘कॉपी’ केलेली असते. तेवढ्याने सहसा भागत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती लिहावी लागते.

हे दोन्ही ठीक असल्यास संगणक चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीने ठरविलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था काही लिनक्स-रूपांना अटकाव करते. तेव्हा ती तात्पुरती बंद करून पाहावी. फार जुना ३२-बिट प्रोसेसर असल्यास ६४-बिट प्रणाली त्यावर चालणारच नाही.

स्थापना अर्ध्यावर थांबते

बऱ्याच लिनक्स-रूपांत डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहण्याची सोय असते. पडदा, ध्वनी, वायफाय यांची परीक्षा तेथेच करावी. हार्ड डिस्क दिसतच नसल्यास संगणकाच्या मांडणीत ती ‘रेड’ किंवा इंटेलच्या ‘आरएसटी’ पद्धतीवर लावलेली आहे काय, हे पाहावे. ‘एएचसीआय’ पद्धत निवडल्यावर बहुधा डिस्क दिसू लागते. मात्र जुनी विंडोज राखावयाची असल्यास हा बदल एकाएकी करू नये, कारण त्यामुळे विंडोज सुरू होण्याचे थांबू शकते. तसेच विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि तिच्या विभागात फेरफार करणे धोक्याचे ठरते.

काम दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा आणि ‘मेमटेस्ट’ ही चाचणी चालवावी. डिस्कवर लिहिताना चूक दाखविली जात असल्यास डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद तपासावी. डिस्कच निकामी होत असेल, तर प्रणाली बदलून उपयोग नाही.

स्थापना पूर्ण होते, पण प्रणाली उघडत नाही

पडदा काळा राहिल्यास दोष बहुधा चित्रदर्शक कार्डाच्या चालकाचा असतो. ‘ग्रब’ या आरंभ-सूचीत इंग्रजी ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा व एफ१० दाबावे. हा उपाय केवळ त्या वेळेपुरता आहे. प्रणाली उघडताच योग्य चालक बसवावा.

सूची न येता थेट विंडोजच सुरू होत असल्यास मांडणीतील आरंभ-क्रम पाहावा. विंडोज ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीने आणि लिनक्स जुन्या ‘बायोस’ पद्धतीने बसविली गेली असल्यासही असेच घडते. दोन्हींची पद्धत एकच असावी. केवळ ग्रब बिघडले असेल, तर पुन्हा स्थापना करण्याचे कारण नाही. पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून तेवढेच दुरुस्त करता येते.

नोंदीचे महत्त्व

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. पडद्यावरील सूचना शब्दशः उतरवून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र काढावे. पाच बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने काम झाले किंवा बिघडले, हे कळण्यास मार्ग उरत नाही. ‘चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून जाणकारालाही काही सांगता येत नाही. नेमकी सूचना पाहिल्यास तो पुष्कळदा लगेच उपाय सुचवू शकतो.

शाळेतील व पंचायतीतील संगणकांनाही हाच क्रम लागू पडतो. मात्र तेथील यंत्रांत सार्वजनिक दप्तर असते. म्हणून सक्षम अधिकाऱ्याची संमती आणि पडताळलेली नक्कल हाती आल्यावाचून कामास आरंभ करू नये. यंत्र पुन्हा मिळू शकते. त्यातील एकमेव नोंद पुन्हा मिळेलच असे नाही.