वीतभर गवत

झेक प्रजासत्ताकाची राजधानी जें प्राग शहर, त्याच्या ईशान्य सीमेवर लेत्न्यनी नांवाचा एक लहानसा विमानतळ आहे. मोठीं प्रवासी विमानें तेथें उतरत नाहींत. हलकीं विमानें गवताच्या धांवपट्टीवर उतरतात व तेथूनच उडतात. उन्हाळ्यांतील एखाद्या स्वच्छ सकाळीं त्या पटांगणाच्या कडेला कोणी स्वस्थ उभा राहिला, तर त्यास एक मौजेचें दृश्य दिसेल. गवतांतून एक पिवळसर तपकिरी डोकें हळूच वर येतें. मग मागल्या दोन पायांवर ताठ उभा राहून, पुढचे पाय छातीशीं धरून, एक चिमुकला प्राणी चहूंकडे पाहूं लागतो. आकाशांत शिकारी पक्षी दिसला कीं तो तीक्ष्ण शीळ घालतो, आणि क्षणार्धांत त्याचे सारे शेजारी आपापल्या बिळांत अदृश्य होतात.

ह्या प्राण्याचें नांव सुस्लिक. केवळ ह्याच्याकरितां झेक सरकारनें २००५ सालीं हें पटांगण राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून जाहीर केलें. घनदाट अरण्य सोडून विमानतळाचें संरक्षण करण्याची पाळी कां आली, हा प्रश्न वाचकांच्या मनांत सहजच उभा राहील. त्याचें उत्तर गवताच्या उंचींत आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सुस्लिकाची ओळख

सुस्लिक हा खारीच्याच कुळांतील कृंतक, म्हणजे सतत वाढणाऱ्या दांतांनीं कुरतडणारा प्राणी आहे. आपल्या अंगणांतील पट्टेदार खार संकट दिसतांच झाडावर चढते. सुस्लिकाला झाड नाहीं, त्याचा आसरा जमिनीच्या पोटांत. त्याची लांबी सुमारें २० सेंटिमीटर, व वजन ऋतुमानाप्रमाणें साधारणतः २०० ते ४०० ग्रॅम असतें. शेपूट आंखूड, कान बारीक, डोळे मोठे व काळेभोर. स्वीडनचा प्रख्यात शास्त्रज्ञ लिनीयस ह्यानें १७६६ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. मध्य व आग्नेय यूरोपांत, म्हणजे झेक प्रदेश, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया व हंगेरी येथपासून रुमानिया, बल्गेरिया, ग्रीस व तुर्कस्तानच्या यूरोपीय भागापर्यंत, त्याची वस्ती तुटक तुटक आढळते. ह्यापलीकडे जगांत तो कोठेंही नाहीं.

सुस्लिक वसाहत करून राहतो. तथापि प्रत्येकाचें बीळ वेगळें. दिवसा तो बाहेर हिंडतो व गवताचे कोंवळे कोंब, क्लोव्हरसारख्या वनस्पती, बिया, मुळ्या आणि किडे खातो. वर्षाचे सहा-सात महिने तो बिळाचें तोंड मातीनें बंद करून गाढ शीतनिद्रेंत घालवितो. त्या काळांत त्याचें शरीर थंडगार पडतें व हृदयाचे ठोके अगदीं मंदावतात. मार्च-एप्रिलांत प्रथम नर व मागाहून माद्या बाहेर येतात. मादीला वर्षांतून एकदांच पिलें होतात, आणि तीं उन्हाळ्याच्या आरंभीं प्रथमच उजेड पाहतात. ऑगस्टपासून मोठे प्राणी निजावयास जाऊं लागतात. पिलें मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बाहेर चरत राहतात.

ह्या वेळापत्रकाकडे विद्यार्थ्यांनीं नीट लक्ष द्यावें. सुस्लिक हिवाळ्यासाठीं बिळांत धान्याचें कोठार भरीत नाहीं. त्याचें कोठार म्हणजे अंगावरील चरबी. उन्हाळ्यांत जन्मलेल्या पिलाला हें कोठार भरण्यासाठीं अवघे कांहीं महिने मिळतात. तेवढ्या अवधींत जें पिलूं पुरेसें पुष्ट झालें नाहीं, तें निजतें तें पुन्हां उठण्याची आशा थोडीच ठेवून. म्हणून निर्धास्तपणें चरण्याचा एकेक तास त्याच्या दृष्टीनें मोलाचा आहे.

उंच गवत हें संकट कां?

सुस्लिकाचें सारें संरक्षण त्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. तो उभा राहिला म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच येतात. गवत त्याहून कमी असेल, तर कोल्हा, खोकड, मुंगसासारखा पोलकॅट किंवा ससाणा त्याला दुरून दिसतो. शीळ घालून बीळ गांठण्यास वेळ मिळतो. गवत वितीच्या वर गेलें, तर तो आंधळ्यासारखा होतो. तो वरचेवर चरणें सोडून उभा राहतो, बिळापासून दूर जाण्यास कचरतो, आणि शेजाऱ्यांची चाहूलही त्याला लागत नाहीं. जो वेळ पहाऱ्यांत गेला, तो खाण्यांतून वजा झाला; आणि खाण्यांतून जें वजा झालें, त्याचा हिशेब हिवाळा चुकता करतो.

दुसरें कारण अन्नाचें. जनावरें चरलेल्या किंवा वरचेवर कापलेल्या कुरणांत गवताला पुनःपुन्हां कोंवळे फुटवे येतात, आणि जमिनीलगत वाढणाऱ्या बुटक्या वनस्पतींना ऊन मिळतें. गवत तसेंच वाढूं दिलें, तर दोन-चार राकट जाती सर्वत्र माजतात, खालीं सुकलेल्या पात्यांचा थर सांचतो, आणि ज्या वनस्पतींवर सुस्लिक पोसतो त्या गुदमरून नाहींशा होतात. त्या थराखालची जमीन सावलींत ओलसर व थंड राहते. उबदार, कोरड्या भूमीची आवड असलेल्या प्राण्यास तीही मानवत नाहीं. पुढें झुडपें उगवतात, झुडपांमागून वृक्ष येतात, आणि कुरणाचें रान होतें. रानांत पुष्कळ प्राणी सुखानें नांदतील. सुस्लिक नांदणार नाहीं.

मेंढपाळ गेला, मागून सुस्लिक गेला

पूर्वीं ह्या प्रदेशांत गांवोगांव सामाईक गायरानें होतीं. मेंढ्या व गाई तेथें चरत; शेतांच्या मधोमध गवताचे रुंद बांध असत; गवत कापून हिवाळ्याची वैरण केली जात असे. कोणी सुस्लिकाचा विचारही केला नव्हता, तरी त्याचें घर आपोआप झाडून-पुसून ठेवलें जाई. तो इतका विपुल होता कीं शेतकरी त्यास धान्याचा शत्रू समजत, आणि हंगेरींतील खेड्यांतलीं मुलें बिळांत पाणी ओतून त्यास बाहेर काढण्याचा खेळ खेळत.

पुढें दोन उलट दिशांनीं संकट आलें. चांगल्या जमिनीवर नांगर फिरला. चेकोस्लोव्हाकियांत १९४८ सालानंतर सामुदायिक शेती सुरू झाली, तेव्हां लहान शेतांचे बांध मोडून विस्तीर्ण शेतें करण्यांत आलीं, व जनावरें कुरणांतून गोठ्यांत गेलीं. उलटपक्षीं, डोंगराळ व हलक्या जमिनीवरील कुरणें कोणास नकोशीं झालीं. १९८९ नंतर राज्यव्यवस्था बदलली, तेव्हां पूर्व यूरोपांत अनेक ठिकाणीं पशुधन आणखी घटलें आणि उरलेलीं कुरणें माजलीं. एकीकडे अति मशागत, दुसरीकडे अति दुर्लक्ष. ह्या दोहोंच्या कात्रींत सुस्लिक सांपडला. जर्मनींतून व पोलंडांतून विसाव्या शतकांतच तो नाहींसा झाला. जागतिक निसर्गसंवर्धन संघानें २०२० सालीं त्यास संकटग्रस्त जातींच्या वर्गांत घातलें.

कायदा झाला नाहीं असें नाहीं. यूरोपीय समुदायानें १९९२ सालीं केलेल्या अधिवास-संरक्षणाच्या आदेशांत सुस्लिकाचें नांव आहे, आणि त्यास मारणें अगर पकडणें निषिद्ध आहे. परंतु मारणाऱ्याचा हात कायद्यानें धरतां येतो. वाढत्या गवताचा हात कोण धरणार? ज्या वसाहतीस एकही मनुष्य इजा करीत नाहीं, ती केवळ गवत न कापल्यामुळें उजाड होऊं शकते. संरक्षण म्हणजे कुंपण घालून स्वस्थ बसणें, ही समजूत येथें प्राणघातक ठरते.

अशा वेळीं त्याला आसरा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणीं. विमान सुखरूप उतरावें म्हणून विमानतळाचें गवत कापतात. चेंडू दिसावा म्हणून गोल्फच्या मैदानाचें कापतात. ऑस्ट्रियांत द्राक्षांच्या ओळींमधील हिरवे पट्टे कापतात. सुस्लिकासाठीं ह्यांपैकीं कोणीही कांहीं केलें नव्हतें. पण गवत आंखूड राहिलें, आणि तो वांचला. लेत्न्यनीचें रहस्य तें हेंच.

निगा कशी राखावी?

आतां हेंच काम जाणूनबुजून केलें जातें. त्यांतील मुख्य नियम थोडक्यांत असे :

१. वसंत ऋतूंत सुस्लिक जागा होतो, तेव्हां गवत आंखूड असलें पाहिजे; म्हणून आदल्या शरद ऋतूंतील कापणी चुकवूं नये.

२. पिलें बाहेर येण्याच्या व चरण्याच्या महिन्यांत गवत वितीच्या वर जाऊं देऊं नये. एकदां कापून भागत नाहीं. वाढीप्रमाणें अनेकदां कापावें लागतें.

३. कापलेलें गवत उचलून न्यावें. तें तेथेंच कुजूं दिल्यास नव्या फुटव्यांवर थर बसतो, व खत मिळून राकट गवतेंच अधिक माजतात.

४. शक्य तेथें मेंढ्या किंवा गाई चाराव्यात. मात्र जमीन उघडी पडेल इतक्या नव्हेत. अन्नच उरलें नाहीं, तर आंखूड गवताचा उपयोग काय?

५. सर्व पटांगण एकाच दिवशीं कापूं नये. कांहीं पट्टे मागें ठेविल्यास फुलें बीं धरतात व किडे जगतात; तेही सुस्लिकाचें अन्नच आहे.

जेथून सुस्लिक नाहींसा झाला, तेथें त्यास पुन्हां वसविण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पोलंडांत २००५ सालीं कामियेन श्लोंस्की येथील गवताळ भूमीवर सुस्लिक सोडण्यांत आले. अशा कामांत आधीं जमिनीत तिरपीं भोंकें पाडून तयार बिळें देतात. कारण अनोळखी माळावर सोडलेला प्राणी आसरा शोधीत भटकतो व शिकाऱ्याच्या तोंडीं पडतो. परंतु बीळ देणें हें एका दिवसाचें काम. त्यानंतर वर्षानुवर्षें गवत कापीत राहणें हें खरें काम. जेथें तें थांबतें, तेथें सारा खटाटोप व्यर्थ जातो.

एकाच्या जिवावर अनेक

एवढ्या क्षुद्र प्राण्यासाठीं इतके कष्ट कशाला, असें कोणी विचारील. तर सेकर जातीचा ससाणा व पूर्वेकडील शाही गरुड हे दुर्मिळ पक्षी पूर्वापार सुस्लिकावर पोट भरीत आले आहेत. तो कमी झाला कीं त्यांना दुसरें भक्ष्य शोधावें लागतें. त्याचीं रिकामीं बिळें इतर जीवांना निवारा देतात, व त्याच्या उकरण्यानें माती खालवर होते. जें आंखूड गवत त्याला हवें, त्यांतच अनेक रानफुलें व फुलपांखरें जगतात. सुस्लिक दिसला, म्हणजे कुरण निरोगी आहे असें समजावें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्यांतील तत्त्व तुम्हांस घरच्या घरीं पडताळून पाहतां येईल. पावसाळ्याच्या आरंभीं अंगणाच्या कडेला एकेक हात लांबीरुंदीचे दोन तुकडे आंखा. एकावरील गवत दर आठवड्यास कापून उचलून टाका. दुसऱ्यास हात लावूं नका. दिवाळीच्या सुमारास दोहोंतील वनस्पतींच्या जाती मोजा, आणि कोणते किडे कोठें राहतात तें वहींत टिपून ठेवा. दोन्ही तुकड्यांवर पाऊस तोच, ऊन तेंच, माती तीच. फरक केवळ तुमच्या विळ्याचा. त्या फरकानें कोणाचें घर बसलें व कोणाचें उठलें, तें तुमची वहीच तुम्हांस सांगेल.