फाइल मोठी, डिस्क छोटी

सहा हजार तीनशे रुपये गेले. पैशांचं काही वाटत नाही म्हणणारे लोक असतात; मी त्यातला नव्हे.

आमच्याकडे पावसाळ्यात नेट चार-चार दिवस जातं. भाषांतराचं काम मात्र थांबत नाही. म्हणून शब्दकोशांसाठी गोल्डनडिक्ट आणि विकिपीडियासाठी किविक्स घरच्या संगणकावर बसवलं. किविक्सवर अख्खा इंग्रजी विकिपीडिया एकाच फाइलीत मिळतो, चित्रांसकट शंभर जीबीच्या घरात. घरच्या नेटवर ती उतरवायची तर दिवाळी उजाडली असती. तालुक्याच्या संगणकवाल्याने दुकानात उतरवली, 'डाउनलोडिंगचे' पंधराशे लावले. मी माझी 500 जीबीची डिस्क घेऊन गेलो. तीही मागच्या वर्षी त्यानेच विकलेली.

फाइल चढेना. पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"काका, टू लार्ज म्हणतंय. डिस्क लहान पडते."

"अरे, साडेचारशे जीबी मोकळी दिसतेय की."

"ते नुसतं दिसायला असतं."

या उत्तरावर मी गप्प बसलो, याचाच मला जास्त राग आहे. 1 टीबीची नवी डिस्क घेतली, चार हजार आठशे. तिच्यावरही तीच ओळ. आता म्हणे फाइलच खराब उतरली, पुन्हा उतरवू, पुन्हा पंधराशे. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि हा त्यांच्याकडे बघून हसत होता, म्हाताऱ्याला कसलं वेड लागलंय अशा थाटात. मी निघालो. रात्री त्याने पुरावा म्हणून त्या ओळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला.

तो फोटो मोठा करून मी पहिल्यांदा ओळ शेवटपर्यंत वाचली. 'टू लार्ज'च्या पुढे 'फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम' असं होतं. डिस्कचं नव्हे, फाइल सिस्टिमचं नाव होतं तिथे! जन्मभर इंग्रजीचं मराठी केलं आणि हे एक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून अर्धंच ऐकलं. डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज: फॅट 32. या पद्धतीत कुठलीही एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, मग डिस्क हजार जीबी मोकळी का असेना. दोन्ही डिस्का 'टीव्हीला चालाव्यात' म्हणून त्यानेच तशा फॉरमॅट करून दिल्या होत्या. फोन केला तर म्हणाला, "हां, होतं तसं कधीकधी."

तर डिस्क घेताना एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे का, हे दुकानातच उघडून बघा. घरात फॅट 32 असलीच तर लगेच फॉरमॅट मारू नका, आतलं सगळं पुसलं जातं. विंडोजची 'कन्व्हर्ट' आज्ञा आतला ऐवज ठेवून तिचं एनटीएफएस करते. तरी आधी प्रत काढाच. चित्रांची गरज नसेल तर बिनचित्रांची फाइल घ्या, बरीच हलकी असते. बिल मागा. ओळखीचा दुकानदार म्हणून सोडू नका, ओळखीचाच जास्त कापतो.

आणि एक, यात त्याचा दोष नाही. गोल्डनडिक्टमध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश टाकला आणि 'नाव' शोधलं तर नुसती होडी आली. तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857ची, आपले अनुस्वार उडवणारे नियम 1962चे. आपलं नाव तिथे 'नांव'खाली बसलंय. शब्द सापडला नाही तर टिंब देऊन पाहा: पांच, कांहीं.

500 जीबीची डिस्क तो परत घेईना. तिच्यावर आता नातवाची कार्टून आहेत. टीव्हीला लागते, हे कबूल करायला हवं.