घटक ६ : मतप्रधान लेखन – विजेवरील वाहने आणि जगण्याचा वाढता खर्च

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला

• वस्तुस्थिती, अनुमान आणि मत यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• 'महागाई' आणि 'खर्चवाढ' या संकल्पनांत भेद करता येईल.
• एखादे मत हिशेबाच्या आधारे तपासून पाहता येईल.
• या विषयावरील मतप्रधान लेखाचा आराखडा तयार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, अहिल्यानगर जिल्ह्यातील कोल्हार हे प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले आणि भगवतीदेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. येथून कोणी लोणीला, कोणी राहुरीला, कोणी श्रीरामपूरला कामासाठी ये-जा करतो. अशा गावात 'पेट्रोल आता परवडत नाही' हे वाक्य वारंवार कानी पडते. त्यावर 'मग विजेची गाडी घ्या' असे एक उत्तर येते, तर 'तिचा भरवसा नाही' असे दुसरे. दोन्ही मतेच आहेत. मत असणे सोपे असते. ते आधारासह मांडणे हे लेखनाचे काम आहे. तुमच्यापैकी अनेकांना नोकरी, शेती आणि घर सांभाळून शिक्षण घ्यावे लागते. म्हणून हा विषय तुमच्या स्वतःच्या हिशेबाचाही आहे.

६.२ वस्तुस्थिती, अनुमान आणि मत

पुढील तीन विधाने पाहा.

(अ) १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवरील पहिली 'शिवाई' बसही त्याच मार्गावर सुरू झाली.
(आ) त्याअर्थी येत्या काळात विजेवरील एसटी गाड्यांची संख्या वाढत जाईल.
(इ) एसटीने डिझेलच्या गाड्या घेणे आता थांबवावे.

पहिले विधान पडताळून पाहता येते. ती वस्तुस्थिती होय. दुसरे तिच्यावरून काढलेले अनुमान आहे. ते संभवनीय असले, तरी सिद्ध झालेले नाही. तिसऱ्या विधानात 'थांबवावे' हे विध्यर्थी रूप आले आहे. ते मत आहे. मराठीत 'पाहिजे', 'हवे', 'योग्य', 'अन्याय्य' अशा शब्दांवरून मत ओळखता येते. मात्र काही मते वस्तुस्थितीचा वेश घेऊन येतात. 'विजेच्या गाडीने प्रदूषण होत नाही' हे वाक्य घ्या. गाडीतून धूर निघत नाही, एवढेच खरे आहे. महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळशापासून तयार होते. म्हणजे धूर रस्त्यावरून हलून वीजकेंद्राच्या धुराड्यापाशी जातो.

६.३ महागाई आणि खर्चवाढ

तीच वस्तू पूर्वीपेक्षा अधिक दराने घ्यावी लागणे, ही महागाई. पूर्वी न लागणाऱ्या वस्तूंची वा सेवांची गरज निर्माण होणे, ही खर्चवाढ. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. एसटीच्या भाड्यात जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली. ही महागाईची उदाहरणे होत. मुलांच्या शिकवणीसाठी रोज तालुक्याला जावे लागणे, त्यासाठी घरात दुसरी दुचाकी येणे, ही खर्चवाढ आहे.

दोन्हींचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. त्यामुळे एकाच घरातील दोघांचा प्रवासखर्च वेगळा असतो. 'सामान्य माणसाला परवडत नाही' असे लिहिताना तो सामान्य माणूस कोण, हे लेखकाने स्वतःला विचारले पाहिजे.

६.४ मताची हिशेबाने तपासणी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हारची एक व्यक्ती महिन्यातील २५ दिवस, रोज ४० किलोमीटर प्रवास करते. म्हणजे महिन्याला १,००० किलोमीटर. सोयीसाठी पुढील दर गृहीत धरू : पेट्रोल लिटरला १०५ रुपये, एका लिटरमध्ये ५० किलोमीटर, वीज युनिटला १० रुपये, एका युनिटमध्ये २५ किलोमीटर.

पेट्रोल : २० लिटर × १०५ = २,१०० रुपये
वीज : ४० युनिट × १० = ४०० रुपये
मासिक बचत : १,७०० रुपये

विजेची गाडी ३४,००० रुपयांनी महाग असेल, तर ही जादा रक्कम २० महिन्यांत भरून निघेल. परंतु घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. गाडीचे युनिट घरच्या वापरावर चढत असल्याने त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. तो १५ रुपये धरल्यास बचत १,५०० रुपये होते आणि मुदत सुमारे २३ महिन्यांवर जाते.

आता रोजचा प्रवास केवळ १० किलोमीटर असेल, तर दहा रुपयांच्या दरानेही मासिक बचत ४२५ रुपयेच राहील आणि तीच रक्कम भरून निघण्यास ८० महिने लागतील. तोवर बॅटरीचा प्रश्न उभा राहू शकतो. कर्जाचे व्याज आणि भारनियमन हे मुद्दे वेगळेच. म्हणजे 'विजेची गाडी स्वस्त' आणि 'विजेची गाडी महाग' ही दोन्ही मते खरी ठरू शकतात. कोणासाठी, हे सांगितल्याशिवाय दोन्ही अपुरी आहेत.

६.५ मतामागची भूमिका

किंमत केवळ बाजार ठरवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेवरील वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. जून २०२३ मध्ये मात्र दुचाकींवरील केंद्रीय अनुदान कमी झाले. ज्याने मे महिन्यात गाडी घेतली आणि ज्याची खरेदी जूनवर गेली, त्या दोघांचे मत एकच कसे असेल?

प्रवरेचा परिसर उसाचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना येथून जवळच आहे. उसापासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. पेट्रोलचा खप घटला, तर इथेनॉलच्या मागणीचे काय, ही ऊस उत्पादकाची शंका रास्त आहे. तोच शेतकरी पंपावर पेट्रोल भरताना मात्र ग्राहक असतो. एका माणसाच्या मनातील हा ताण ओळखता आला, तर लेखात विरोधी मताला न्याय देता येतो.

६.६ सारांश

मतप्रधान लेखात वस्तुस्थिती, अनुमान व मत यांची सरमिसळ टाळावी. महागाई आणि खर्चवाढ यांत भेद करावा. गृहीत आकडे 'गृहीत' म्हणूनच द्यावेत. विरोधी मत त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडून मगच आपला निष्कर्ष लिहावा.

६.७ स्वाध्याय

१. वर्तमानपत्रातील एक अग्रलेख निवडून त्यातील वस्तुस्थितीची तीन व मताची तीन विधाने वेगळी करा.
२. तुमच्या रोजच्या प्रवासाचे अंतर व तुमच्या वीजबिलातील दर घेऊन ६.४ मधील हिशेब पुन्हा मांडा. निष्कर्ष बदलतो का?
३. 'ग्रामीण भागात आधी विजेवरील दुचाकींना अनुदान द्यावे की एसटीच्या फेऱ्या वाढवाव्यात?' या विषयावर ३०० शब्दांत लेख लिहा. त्यातील एक परिच्छेद तुम्हाला न पटणाऱ्या बाजूने लिहा.