रक्त मोजणारी झोळी आणि सीमेवरची बाळंतीण

बाळंतपणात बाईचं किती रक्त गेलं, हे कसं मोजायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या बोलण्यात त्याला मापच नाही. 'अंगावरून जातंय' हे पांढरं जाण्यालाही म्हणतात आणि रक्त जाण्यालाही. 'जरा जास्तच गेलं', 'दोन पातळं भिजली', 'वार पडली, आता सुटली बाई', एवढ्यावर घरातल्या बायका भागवतात. हसू नका, दवाखान्यातलंही फार वेगळं नव्हतं. वैद्यकशास्त्राची रूढ व्याख्या अशी: प्रसूतीनंतर ५०० मिलीलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर अतिरक्तस्राव, १००० किंवा त्याच्या वर गेलं तर तीव्र. पण ते ५०० झालं की नाही, हे ठरवायचं चादरीकडे आणि फरशीकडे बघून. नजरेचा अंदाज.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणीतरी विचारणारच. मला हा विषय भाषेमुळेच सापडला. शास्त्रज्ञांना सरकारी आरोग्ययंत्रणेत राहून संशोधन करायला शिकवतात, त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे; मी साधं 'अंमलबजावणीचं संशोधन' म्हणते. औषध गुणकारी आहे का, हा प्रयोगशाळेचा प्रश्न. ते औषध पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, एकट्या नर्सबाईच्या हातून, योग्य बाईच्या तोंडात वेळेवर पडतं का, हा दुसरा प्रश्न. आणि तो पहिल्यापेक्षा सोपा मुळीच नाही. प्रयोगशाळेत शिकलेला माणूस मधे येणारी प्रत्येक गोष्ट बाजूला काढायला शिकलेला असतो. इथे त्या मधे येणाऱ्या गोष्टींचाच अभ्यास करायचा. व्याकरणात पहिला आलेल्याला बोली ऐकायला बसवावं, तसं.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच सीमाभागात, बेळगावला घडलं. तिथल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी केली. गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. पण ते इंजेक्शनने द्यावं लागतं आणि थंड ठेवावं लागतं. उपकेंद्रात फ्रीज असला तरी वीज असेलच असं नाही. मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघालेली गोळी. तिला ना सुई लागते, ना बर्फ. मग ही गोळी नर्सबाईने, म्हणजे एएनएमने, नाळ कापल्यावर लगेच दिली तर चालेल का?

१,६२० बायका चाचणीत होत्या. निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पण मोजायचं कसं, हा पहिला प्रश्न इथे आडवा आला. नजरेने मोजलं तर चाचणीच फसणार. म्हणून तिथल्या चमूने एक प्लॅस्टिकची झोळी तयार केली. बाळ जन्मलं की ती बाळंतिणीच्या खाली सारायची, नाड्या पोटाभोवती बांधायच्या. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त त्यात उतरतं, रेघ वाचायची. ब्रास-व्ही असं तिचं नाव पडलं. नजरेच्या अंदाजाशी तुलना केली तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश रक्त कमी सांगते असं निघालं. म्हणजे ६०० गेलेली बाई '४०० गेलं, ठीक आहे' म्हणून बाजूला झोपवली जाऊ शकते.

निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर, तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. थंडी वाजणं आणि ताप हा त्रास गोळी घेणाऱ्यांत जास्त होता, पण तो थोड्या वेळाने ओसरायचा. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी दिली, हे वाचून मी थांबले होते. माझ्या मते थांबायलाच हवं. त्या वेळी तिथल्या गावांत कुणालाच काही औषध मिळत नव्हतं, ज्यांना कोरी गोळी मिळाली त्यांचं आहे त्यापेक्षा कमी झालं नाही, हा युक्तिवाद मला समजतो. तरी त्या ८०८ बायकांपैकी जिचं रक्त थांबेना तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेण्याची सोय चाचणीच्या आराखड्यातच असली पाहिजे. आणि संमतीपत्र तिला तिच्या भाषेत, कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी समजावलेलं असलं पाहिजे. अशा शास्त्रज्ञाच्या शिक्षणात हा धडा आकडेमोडीच्या आधी यायला हवा.

त्या झोळीचं पुढे काय झालं ते ऐका. २०२३ मध्ये 'ई-मोटिव्ह' नावाच्या चाचणीचा निकाल आला: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, ८० दवाखाने, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. नवं औषध एकही नाही. मापाच्या रेघा असलेली झोळी आणि रक्त जास्त दिसलं की मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एकामागून एक वाट बघत नाही. आधी निम्म्या बायकांचा अतिरक्तस्राव ओळखलाच जात नव्हता. आता ९३ टक्क्यांचा ओळखला गेला. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. सगळी औषधं आधीपासून कपाटात होती.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' सुरू केली. तिथे ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा शिकवलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. हे १९९९ चं. 'घरच्या घरी नवजात काळजी' ही योजना आशाताईंमार्फत देशभर लागू झाली २०११ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. आणि ती लागू होताना आशाताईच्या हातातलं इंजेक्शन गळालं. भेटी राहिल्या, वजनकाटा राहिला, सुई गेली. सरकारची भीती मला पटते. पण मग ६२ टक्क्यांपैकी सुईमुळे किती आणि भेटींमुळे किती, हे पुन्हा नव्याने विचारावं लागतं. असा प्रश्न विचारणारा माणूस यंत्रणेच्या आत असावा, म्हणून तर हे प्रशिक्षण.

असं प्रशिक्षण मिळतं कुठे? चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत साथरोगशास्त्राची दोन वर्षांची पदवी आहे. २००९ पासून 'सॉर्ट इट' नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालतो, तो मला जास्त आवडला, कारण तो कडक आहे. उमेदवाराने स्वतःच्या कामातला प्रश्न घेऊन यायचं. आराखडा, मग आकडेवारी, मग शोधनिबंध. प्रत्येक टप्प्याची तारीख ठरलेली आणि तारीख चुकली की बाहेर. (आमच्या विभागात हा नियम आला तर वर्गात किती जण उरतील, ते लिहीत नाही.)

आता खजुरीकडे येते. आमचं गाव कर्नाटकात, आळंद तालुक्यात. उमरगा जवळ, पण ते महाराष्ट्रात. बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात येतात. लग्नं तर सीमा बघून होतच नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत इकडेही आहे आणि तिकडेही. म्हणजे खजुरीत नांदणारी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात उमरग्याकडे जाते, तिथे बाळंत होते आणि सव्वा महिन्याने परत येते.

आशाताईच्या भेटी ठरलेल्या आहेत: दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, घरी झालं तर पहिला दिवसही. गंमत म्हणजे आपल्या घरातलंही असंच एक वेळापत्रक आहे: पाचवी, बारसं, सव्वा महिना. आमच्या ख्रिस्ती घरांतही पाचवीची रात्र जागवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. सरकारी वेळापत्रक आणि आजीचं वेळापत्रक फार लांब नाहीत. पण बाळंतीण सव्वा महिन्याने परतली तर शेवटची भेट दुसऱ्या राज्यात पडते. सुगीसाठी विसाव्या दिवशीच आणली तर निम्म्या भेटी. बाळाचं जन्माचं वजन एका राज्याच्या कागदावर, महिन्याचं दुसऱ्या राज्याच्या. बाळ वाढतंय की सुकतंय, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शिवाय सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाताईला २५० रुपये, अशी २०११ ची योजना. अर्ध्यावर गेलेल्या बाळंतिणीचे पैसे कुणाचे?

कर्नाटकातलं ताई कार्ड कन्नडमध्ये, महाराष्ट्रातलं मराठीत. (कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई, बहीण नव्हे, तिकडच्या नर्सबाईला हेही सांगावं लागेल.) देशभरच्या आरसीएच पोर्टलवर प्रत्येक गरोदर बाईला एक क्रमांक मिळतो, तो दोन्हीकडे वाचता येतो. पण क्रमांक असणं वेगळं आणि कुणी तो उघडून बघणं वेगळं.

एखादा प्रशिक्षित संशोधक इथे आला तर त्याचा आराखडा असा असू शकेल. सीमेवरची दोन्ही बाजूंची काही गावं घ्यायची. वर्षभरात किती बाळंतिणी सीमा ओलांडतात आणि त्यांच्या किती भेटी गळतात, ते आधी मोजायचं. आपली झोळी म्हणजे हे मोजमाप. मग काही गावांत दोन लिपींतलं कार्ड द्यायचं, काही गावांत एका आशाताईने दुसरीला फोन करायची पद्धत लावायची, काही गावांत आहे तसंच चालू ठेवायचं. महागडं यात काही नाही. पण माणूस मात्र दोन्ही भाषा येणारा हवा.

आणि सगळ्यात आधी त्याला दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवून बसावं लागेल. इकडच्या वहीत 'माहेरी गेली', तिकडच्या वहीत 'सासरी गेली'. 'आली' असा रकाना त्यांपैकी एका तरी वहीत आहे का, ते बघायचं.