परत फिरण्याची वेळ

काटोल हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसलेले आहे. गावाच्या आसमंतात दूरवर संत्र्यांच्या बागा पसरल्या आहेत. माघात आंबिया बहराची पांढरी फुले उमलतात, तेव्हा त्यांच्या सुगंधाने शिवार भरून जाते. त्याच सुमारास मृगबहराची फळे तोडणीला येतात. पुढे फाल्गुन सरून चैत्र लागला, की ऊन तापू लागते आणि काही दिवसांतच पारा चाळीस अंशांच्या पुढे चढतो.

अशा या उष्ण मुलखात आकाशातून येणाऱ्या बर्फाचे दर्शन एकाच रूपाने घडते, ते म्हणजे गारांच्या. एखाद्या दुपारी अवचित आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि पत्र्यांवर ताडताड आवाज करीत गारा कोसळू लागतात. घटकाभरात अंगण पांढरे होते. मुले हर्षाने गारा वेचू लागतात. परंतु बागायतदाराच्या काळजात धस्स होते. कारण त्या गारांनी फुलोरा झडतो, फळांना मार बसतो आणि वर्षाची मेहनत मातीला मिळते. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत अशाच गारपिटीने पिकांची मोठी हानी केली होती.

काटोलच्या या गारांचे हिमालयातील हिमाशी एक नाते आहे. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी भूमध्य समुद्राच्या बाजूने वादळी हवेचे आवर्त पूर्वेकडे सरकत येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हे विक्षोभ काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील पर्वतांवर हिमवर्षाव करतात. त्यांचा प्रभाव मध्य भारतापर्यंत पोहोचला आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी त्यांची गाठ पडली, की विदर्भात विजा कडाडतात आणि गारा पडतात. जी हवा काटोलच्या बागायतदाराला चिंतेत टाकते, तीच काश्मीरच्या उतारांवर शुभ्र हिमाचा गालिचा अंथरते आणि त्या गालिच्यावर एक सुंदर खेळ रंगतो.

हा खेळ म्हणजे स्कीइंग. दोन्ही पायांना एकेक लांब, अरुंद व पुढच्या टोकाशी वर वळलेली पट्टी बांधावयाची, हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत जावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. या पट्टीला स्की म्हणतात. नुसत्या पायांनी चालणारा माणूस मऊ हिमात गुडघ्यापर्यंत रुततो; परंतु स्कीमुळे त्याचा भार मोठ्या जागेवर विभागला जातो आणि तो वरच्यावर राहतो. घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते, तिच्यामुळे पट्टीखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि गती वाढते.

स्की हे मुळात खेळाचे साधन नव्हते. उत्तर युरोपातील हिममय प्रदेशात ते वाहन होते. लाकूड आणण्यासाठी, शिकारीसाठी, शेजारच्या गावी जाण्यासाठी लोक स्की वापरीत. स्वीडनमधील दलदलीत सापडलेली एक स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. १८८८ मध्ये नॉर्वेचा संशोधक फ्रित्योफ नान्सेन याने पाच सोबत्यांसह स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंडचा हिममय अंतर्भाग ओलांडला, तेव्हा या साधनाची कीर्ती जगभर पसरली.

भारतात या खेळाचे माहेरघर म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे १९२७ मध्ये स्की क्लबची स्थापना झाली. आज दोरवाटेच्या पाळण्यात बसून अफरवट पर्वताच्या उंच उतारांपर्यंत जाता येते. उत्तराखंडातील औली येथेही हा खेळ खेळला जातो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे एकच खेळाडू उतरला होता. तो काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान होय.

हिवाळा सरला म्हणजे हा खेळ लगेच संपतो, असे मात्र नाही. उंच उतारांवर वसंतातही बर्फ टिकून असतो. दिवस मोठा झालेला असतो, आकाश निळे असते, बोचरी थंडी कमी झालेली असते. म्हणून हंगामाच्या अखेरचे हे दिवस अनेकांना सर्वांत आनंदाचे वाटतात. परंतु वसंतातील बर्फाचा स्वभाव निराळा असतो आणि तो प्रहराप्रहराला पालटतो.

नुकत्याच पडलेल्या हिमाचे कण नाजूक, चांदणीसारखे असतात. पुढे दिवसा ऊन लागून बर्फाचा वरचा थर वितळतो आणि निरभ्र रात्री तो पुन्हा गोठतो. असे अनेक दिवस घडले, की चांदण्यांचे आकार नाहीसे होतात आणि जाडसर, गोल दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. त्या वेळी उतार काचेसारखा कठीण व निसरडा असतो. सूर्य वर आला, की वरचा बोटभर थर सैल होतो. आतला बर्फ कठीणच राहतो आणि वर साखरेसारख्या दाण्यांचा मऊ थर पसरतो. स्की खेळणाऱ्यासाठी हीच सुवर्णघटका. पूर्वेकडील उतारावर ती लवकर येते, पश्चिमेकडील उतारावर उशिरा.

ही घटका फार वेळ टिकत नाही. ऊन चढले, की पाणी खोलवर झिरपते. दाण्यांना बांधून ठेवणारे बंध सुटतात. पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागतात. तीव्र उतारावर ओल्या बर्फाचा प्रचंड थर आपल्याच भाराने निसटतो आणि वाटेत येईल ते गाडीत खाली झेपावतो. यालाच हिमलोट म्हणतात. म्हणून जाणता माणूस सकाळी लवकर निघतो आणि दुपारच्या आत धोक्याच्या उतारांवरून खाली उतरतो.

वसंतातील या खेळाचा सर्वांत मोठा उत्सव नॉर्वे देशात पाहावयास मिळतो. तेथे ईस्टरच्या सणात गुरुवारपासून सोमवारपर्यंत पाच दिवसांचा विसावा मिळतो. या सुट्टीत असंख्य कुटुंबे आणि मित्रांच्या टोळ्या स्की घेऊन डोंगरांतील लाकडी झोपड्यांकडे निघतात. धुक्यात वाट चुकू नये, म्हणून बर्फात ठरावीक अंतरावर बर्चच्या फांद्या रोवून मार्ग आखलेले असतात. दुपारी एखाद्या उबदार खडकाच्या आडोशाला बसून लोक शिदोरी सोडतात. आणि त्या शिदोरीत आवर्जून असते ते फळ कोणते? संत्रे! ईस्टरच्या सहलीत बर्फावर बसून संत्रे सोलून खाणे, ही तेथील जुनी आवडती रीत आहे. नॉर्वेच्या थंडीत संत्री पिकत नाहीत. ती दक्षिणेकडील उष्ण देशांतून येतात. काटोलच्या मुलाला ही रीत नक्कीच आवडेल.

परंतु या आनंदाच्या सणाला एकदा दुःखाची काळी किनार लागली. १९६७ च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसांना प्राण गमवावे लागले. साऱ्या देशाला हळहळ वाटली. त्यानंतर तेथील पदभ्रमण संस्था आणि रेड क्रॉस यांनी पर्वतात कसे वागावे, याचे नियम घराघरांत पोहोचविण्याची मोहीम हाती घेतली. २०१६ मध्ये काळानुसार त्या नियमांत सुधारणा करण्यात आली. नियम एकंदर नऊ आहेत. सहलीची आखणी आधी करा व कोठे जाणार हे इतरांना सांगा. आपल्या शक्तीनुसार मार्ग निवडा. हवामानाची व हिमलोटाची सूचना ऐका. नकाशा व होकायंत्र जवळ बाळगा, अशा प्रकारचे ते आहेत. त्यांपैकी आठवा नियम सर्वांच्या विशेष स्मरणात राहिला आहे. त्याचा आशय असा, की वेळीच परत फिरा. परत फिरण्यात लाज नाही.

नियम ऐकावयास सोपा आहे. पाळावयास मात्र कठीण आहे. तो का कठीण आहे, हे समजण्यासाठी चार मित्रांची एक टोळी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी.

सुट्टीचा अखेरचा दिवस आहे. चौघे मित्र शिखराकडे निघाले आहेत. आदल्या रात्री गप्पा रंगल्याने सकाळी निघण्यास दोन तास उशीर झाला आहे. अकरा वाजले. बर्फ मऊ होऊ लागला आहे. शिखर अगदी समोर दिसते आहे. जेमतेम अर्ध्या तासाची वाट उरली आहे. परंतु मध्ये एक तीव्र उतार आडवा येतो आणि त्यावर सकाळपासून कडक ऊन पडले आहे. चौघांतील एकाचा पाय वारंवार रुततो आहे. बाजूच्या उतारावरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप घरंगळत खाली येत आहेत. बर्फ सैल झाल्याची ती खूण आहे आणि ती चौघांनीही पाहिली आहे.

तरीही कोणी बोलत नाही. उद्या सुट्टी संपणार आणि शिखर वर्षभरासाठी हुकणार, असे एकाला वाटते. आपण भित्रे ठरू, अशी दुसऱ्याला धास्ती वाटते. इतर तिघे निर्धास्त दिसतात, म्हणजे धोका नसावा, असे तिसरा मनाशी म्हणतो. आपल्यामुळे सर्वांचा विरस होईल, म्हणून चौथा गप्प राहतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि पाय पुढेच पडतात. एकटा माणूस कदाचित केव्हाच मागे वळला असता. परंतु सोबतीत धीर वाढतो तसा संकोचही वाढतो.

अखेर ज्याचा पाय रुतत होता, तोच थांबतो आणि म्हणतो, “मला हे ठीक वाटत नाही. परत फिरू या.” क्षणभर कोणी काही बोलत नाही. मग वडील मित्र म्हणतो, “माझ्याही मनात तेच होते.” चौघेही वळतात आणि आलेल्या वाटेने सुखरूप खाली उतरतात.

त्या दुपारी त्या उतारावर हिमलोट कोसळला काय? कदाचित कोसळला असेल, कदाचित नसेलही. चौघांना ते कधीच कळणार नाही. परत फिरण्यातील अवघड भाग हाच आहे. जो शिखर गाठतो, त्याला सर्वजण वाखाणतात; परंतु जो वेळीच मागे वळतो, त्याला शाबासकी मिळत नाही. कारण टळलेले संकट कोणाच्या डोळ्यांना दिसत नसते. म्हणूनच ‘परत फिरू या’ हे शब्द उच्चारण्यास पुढे जाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक धैर्य लागते. आणि ते शब्द ऐकून न हसता, न रागावता जो साथ देतो, तोच खरा मित्र.

हा धडा केवळ बर्फाच्या मुलखातील लोकांसाठी नाही. विदर्भात बर्फाचे डोंगर नाहीत. परंतु आषाढ-श्रावणात ओढ्यांना पूर येतो आणि ठेंगण्या पुलांवरून गढूळ पाणी वाहू लागते. पलीकडे घर दिसत असते. पाणी घोट्याएवढेच वाटते. मागून कोणीतरी म्हणतो, “चला रे, काही होत नाही!” त्या वेळी पाण्याखाली पूल शाबूत आहे की खचला आहे, हे कोणालाही दिसत नसते. अशा वेळी जो मुलगा सोबत्यांचा हात धरून त्यांना थांबवितो आणि पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या गावात वाट पाहतो, त्याने शिखर सोडून परतलेल्या त्या चौघांचेच शहाणपण दाखविले, असे म्हणावयास हवे.

शिखर जागच्या जागी राहते आणि सुट्टीही पुन्हा येते. पुढच्या वर्षी नवा बर्फ पडेल आणि सुवर्णघटका पुन्हा उगवेल. तेव्हा त्या उतारावर जाण्यासाठी चौघेही असावेत, एवढेच महत्त्वाचे.

अभ्यास

१. गारा पाहून मुलांना आनंद होतो व बागायतदाराला चिंता वाटते, ती का?
२. वसंतातील बर्फ पहाटे, सकाळी व दुपारी कसा असतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. चौघे मित्र धोका दिसूनही गप्प का राहिले? प्रत्येकाचे कारण सांगा.
४. ‘टळलेले संकट कोणाच्या डोळ्यांना दिसत नसते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : काळजात धस्स होणे, मातीला मिळणे, विरस होणे.
६. वेळीच माघार घेतल्याने संकट टळले असावे, असा तुमच्या गावातील एखादा प्रसंग वडील माणसांना विचारून लिहा.