नांगराची निशाणी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात चौरास नावाचा सुपीक प्रदेश आहे. आसगाव हे त्याच प्रदेशातील एक गाव. येथे धानाचे पीक मोठे. दिवाळीच्या सुमारास बांध्यांतील धान कापले जाते, मळणी होते, पोती आधारभूत खरेदी केंद्रावर जातात आणि मग घरोघर चुकाऱ्यांची वाट पाहिली जाते. हे चुकारे आता शेतकऱ्याच्या बँकेतील खात्यात परस्पर जमा होतात. चिखलात राबून मिळविलेले हे धन डोळ्यांना दिसत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला एक संदेश हीच काय ती त्याची खूण.

आता अशी कल्पना करावी की, चुकारे जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आसगावातील एका शेतकऱ्याला कोणाचा तरी फोन आला. बोलणारा मोठा अदबशीर होता. "काकाजी, मी बँकेतून बोलतो. तुमचे कागद अपुरे आहेत, आज सायंकाळी खाते बंद होईल. तुमच्या फोनवर एक सहा अंकी आकडा आला असेल, तेवढा सांगा." शेतकरी घाबरला. त्याने आकडा सांगितला आणि पाहता पाहता खात्यातील चाळीस हजार रुपये गेले.

त्या सहा अंकांत एवढे सामर्थ्य कोठून आले? खातेदाराची संमती आहे, असे बँक त्या अंकांवरून समजते. तेव्हा तो आकडा परक्याला सांगणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणेच होय. आणि अशा सहीची कथा महाराष्ट्राला नवी नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथील कापूस येईनासा झाल्याने आपल्याकडील कापसाचे भाव चढले. सावकार सढळ हाताने कर्जे देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र राहिले. पुढे सरकारने सारा वाढविला. कर्जरोखा लिहिणारा सावकार किंवा त्याचा कारकून. शेतकऱ्याला अक्षरओळख नसे. तो कागदाखाली नांगराचे चित्र काढी. तीच त्याची सही. वर पन्नास लिहिले आहेत की शंभर, हे त्याला कोण सांगणार? फेडलेल्या पैशांची पावतीही बहुधा मिळत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे हा संताप उसळला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून वह्या आणि रोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. शेकडो शेतकऱ्यांना अटक झाली. खरा उपयोग झाला तो पुढच्या चौकशीचा. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. केवळ रोख्यावर न विसंबता न्यायालयाने व्यवहाराचा मुळापासून शोध घ्यावा, शेतकऱ्याचा रोखा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा आणि पैसे फेडणाऱ्याला पावती मिळावी, अशी त्यात तरतूद होती. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात असल्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता.

आसगावचा तो शेतकरी मात्र ओसरीवर गप्प बसून होता. गावात हसे होईल, या भीतीने त्याने घरातही सांगितले नाही. ठकाला हेच मौन हवे असते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असते. ती कोणत्याही एका खात्यात आहे तोवर अडविता येते, रोख काढली गेली की हाती लागणे कठीण. म्हणूनच १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक ठेवला आहे. तेथे वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक सांगितला की संबंधित बँकांना सूचना जाते व सापडलेली रक्कम रोखली जाते. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवावे लागते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी दिलेल्या निर्देशांत असे म्हटले होते की, गुप्त आकडा ग्राहकाने स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. एक तास किती मोलाचा, हे यावरून दिसते.

दिवेलागणीला सातवीत शिकणाऱ्या मुलीने बापाचा चेहरा पाहिला आणि खोदून विचारले. मग तिने संदेशातील व्यवहार क्रमांक वहीत उतरवून १९३० लावला. एकतीस हजार एका दूरच्या बँकेत अडकले. नऊ हजार तोवर यंत्रातून काढले गेले होते. अडकलेले पैसेही लगेच हाती येत नाहीत, त्यासाठी कायद्याची रीत पुरी करावी लागते. या मधल्या काळात आणखी एकाचा फोन आला. "दोन हजार भरा, सगळे पैसे परत मिळवून देतो," असे तो सांगू लागला. हा पहिल्याचाच भाऊबंद! मुलीने फोन ठेवून दिला आणि तो क्रमांकही पोलिसांना कळविला.

पवनीच्या पोलीस ठाण्यात तक्रार लिहून झाल्यावर हवालदाराने कागद पुढे केला. शेतकऱ्याने पेन हाती घेतले, पण सही केली नाही. त्याने तो कागद आधी मुलीकडून दोनदा वाचून घेतला.