भाव किती, यापेक्षा त्या भावाला माल किती?

लासलगावचा लिलाव सुटला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न एकच असतो, "आज काय निघाला?" उत्तर मिळते, "एकोणीसशे एक्कावन्न!" लहान व्यापारी तेवढेच ऐकतो. परगावच्या पार्टीला फोन करून बाजार तेजीत असल्याचे सांगतो आणि दुपारच्या सत्रात चढ्या बोलीने माल उचलतो. आठ दिवसांनी हिशोब केला की नफा तर नाहीच, गाडीभाडेही अंगावर पडलेले असते. मग नशिबाला दोष दिला जातो. वास्तविक चूक नशिबाची नसते, विचारलेल्या प्रश्नाची असते. १९५१ रुपये भाव निघाला हे खरे होते, परंतु त्या भावाने किती माल विकला गेला हे कोणी विचारलेच नाही.

आपल्या व्यापारी बांधवांसाठी आजचा धडा या एकाच प्रश्नाचा आहे. नाशिक जिल्ह्यात तो शिकणे सोपे जाते. निफाड तालुक्यातील लासलगाव ही आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड येथेही उघड लिलाव होतो. प्रत्येक वाहनापुढे बोली मोठ्याने पुकारली जाते आणि नंतर खळ्यावर माल काट्यावर चढतो. म्हणजे भाव आणि वजन या दोन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

बाजार समिती रोज आवक आणि तीन भाव जाहीर करते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव म्हणजे किमान व कमाल यांची बेरीज करून निम्मी करणे नव्हे. ज्या भावाच्या आसपास सर्वाधिक माल विकला गेला, तो सर्वसाधारण भाव. वर्तमानपत्रात तो पुष्कळदा 'सरासरी' म्हणून छापला जातो, त्यामुळे घोटाळा होतो.

आता वही उघडा. डाव्या बाजूला शंभर-शंभर रुपयांच्या पायऱ्या लिहा. लिलावाच्या एका ओळीबरोबर चाला आणि प्रत्येक वाहनाचा भाव ज्या पायरीत बसेल तिच्यापुढे त्याचे क्विंटल मांडा. उदाहरणादाखल समजा, प्रत्येकी २० क्विंटलची १०० वाहने पाहिली. एकूण माल २,००० क्विंटल. किमान भाव ९०१, कमाल १९५१. मांडणी अशी झाली:

९०१ ते १००० : ६० क्विंटल
१००१ ते ११०० : १०० क्विंटल
११०१ ते १२०० : १६० क्विंटल
१२०१ ते १३०० : ३०० क्विंटल
१३०१ ते १४०० : ६२० क्विंटल
१४०१ ते १५०० : ४२० क्विंटल
१५०१ ते १६०० : २०० क्विंटल
१६०१ ते १७०० : १०० क्विंटल
१७०१ ते १८०० : २० क्विंटल
१८०१ ते १९०० : काही नाही
१९०१ ते २००० : २० क्विंटल

सर्वांत जाड पायरी १३०१ ते १४०० ची आहे. टपरीवर गाजलेला १९५१ चा भाव फक्त एका वाहनाला मिळाला. किमान व कमाल यांचा मध्य काढला तर १४२६ रुपये येतो. पण प्रत्येक पायरीच्या मधल्या भावाला तिच्या वजनाने गुणून खरी सरासरी काढली तर ती सुमारे १३५८ रुपये भरते. फरक ६८ रुपयांचा. २०० क्विंटलच्या ट्रकवर हाच फरक १३,६०० रुपये होतो. एका ट्रकमागे लहान व्यापाऱ्याला तेवढे सुटत नाहीत, हे वाचकांस सांगायला नको.

यानंतर बाजाराचा 'पट्टा' काढा. जाड पायरीपासून सुरुवात करून वरच्या-खालच्या शेजारच्या पायऱ्यांपैकी जी जाड असेल ती जोडत जा आणि एकूण मालाच्या सत्तर टक्के वजन भरले की थांबा. आपल्या उदाहरणात ६२० मध्ये ४२०, मग ३००, मग २०० मिळवले की १,५४० क्विंटल होतात. म्हणजे पट्टा १२०१ ते १६०० चा. बहुतेक घेणारे व देणारे या पट्ट्यात राजी झाले. ही रीत नवी नाही. अमेरिकेतील शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या बाजारात काम करणारे पीटर स्टाइडलमायर यांनी १९८० च्या दशकात अशीच मांडणी प्रचारात आणली. शेअर बाजारातही आज ती वापरली जाते.

एका दिवसाची वही फारसे बोलत नाही. आठ-दहा दिवसांची पाने शेजारी ठेवली की ती बोलू लागते. चार खुणा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : जाड पायरी वर सरकली आणि आवकही टिकून किंवा वाढली, तर ती खरी तेजी होय. जास्त माल जास्त भावाने खपतो आहे, म्हणजे मागणी मजबूत आहे.

दुसरी : कमाल भाव चढला पण जाड पायरी जागच्या जागी राहिली, तर बाजार हललेला नाही. एखाद्या निवडक वाहनाला चांगला भाव मिळाला, इतकाच त्याचा अर्थ.

तिसरी : जाड पायरी वर गेली पण आवक निम्मी झाली, तर घाई करू नये. पाऊस, सण किंवा वाहतुकीची अडचण असू शकते. आवक पूर्ववत झाल्यावर भाव टिकतो का ते पाहावे.

चौथी : वहीत दोन ठिकाणी जाड पायऱ्या दिसल्या, तर बहुधा दोन जातींचा किंवा प्रतींचा माल एकत्र लिहिला गेला आहे. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा, मोठा माल आणि गोल्टी यांची पाने वेगळी ठेवावीत.

खरेदीला याचा उपयोग असा. पार्टीचा भाव आला की त्यातून गाडीभाडे, हमाली, बारदान, घट व आपला नफा वजा करा. उरलेली रक्कम जाड पायरीत किंवा तिच्या वर बसत असेल तर सौदा धरा, कारण त्या भावाला माल भरपूर मिळेल. ती रक्कम पट्ट्याच्या खाली, पातळ पायरीत पडत असेल तर सौदा सोडा. त्या भावाने आठ-दहा वाहनेच मिळतील आणि तीही हलक्या प्रतीची. ट्रक पुरा भरण्यासाठी मग चढी बोली लावावी लागते आणि तोटा होतो.

साठवणूक करणाऱ्याने ही वही विशेष काळजीने ठेवावी. उन्हाळ कांदा चाळीत ठेवला की वजन घटते, काही माल सडतो. समजा १३५० रुपयांनी १०० क्विंटल भरला आणि २५ टक्के घट आली. १,३५,००० रुपयांचा माल ७५ क्विंटल उरला. म्हणजे १८०० रुपये भाव मिळाला तर फक्त मुद्दल सुटते. तेव्हा 'कमाल भाव १८०० झाला' या बातमीवर खूश होऊ नये. जाड पायरी १८०० च्या पुढे जाईल त्या दिवशी आपण खरे बरोबरीत आलो.

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वही झालेले सांगते, होणारे सांगत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भाव एकदम कोसळले. त्याआधीच्या पानांवरील पट्टा त्या दिवशी निरुपयोगी झाला. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. असा सरकारी निर्णय आला की जुन्या आकड्यांना चिकटून न राहता नवे पान सुरू करावे. म्हणूनच सगळे भांडवल एका सौद्यात कधीही घालू नये.

शेअर बाजारात ही रीत वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तेथील उलाढालीत सकाळी घेऊन दुपारी विकलेले शेअरही मोजले जातात. लासलगावात मात्र प्रत्येक क्विंटल काट्यावर चढलेला असतो. माल ताब्यात आल्याशिवाय पुढे विकायचा नाही, हा दंडक पाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. राष्ट्रीय शेअर बाजार प्रत्येक शेअरच्या उलाढालीपैकी किती शेअर प्रत्यक्ष हस्तांतरित झाले तेही रोज प्रसिद्ध करतो. त्यांनी तो आकडा आधी पाहावा.

कारागीर बांधवांनाही ही वही तितकीच उपयोगी आहे. मालेगावचा लूमवाला ग्रे कापडाचे कोणत्या भावाने किती मीटर गेले ते लिहू शकतो. येवल्याचा पैठणी विणकर कोणत्या किमतीच्या किती साड्या वर्षात खपल्या ते मांडू शकतो. सर्वांत महाग साडी कितीला गेली ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु पुढच्या हंगामासाठी रेशीम किती घ्यायचे हे जाड पायरीच ठरवते.

खर्च म्हणाल तर एक वही आणि एक पेन्सिल. उद्या सकाळच्या सत्रात एका ओळीबरोबर चालून पाहा. संध्याकाळी टपरीवर कोणी कमाल भाव सांगितला, तर त्याला शांतपणे एवढेच विचारा : "त्या भावाला गाड्या किती गेल्या?"